फॅक्टर पेअर्स काढताना एकही जोडी सुटू नये म्हणून काय करायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. मुलाला १८२ च्या सगळ्या अवयव-जोड्या म्हणजे फॅक्टर पेअर्स लिहायच्या होत्या, त्याने १ × १८२, २ × ९१ आणि ७ × २६ लिहिल्या, १३ × १४ राहिली, तुम्ही तपासलंत तेव्हा तुमच्याही नजरेतून ती सुटली. आणि आता तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत, सगळ्या जोड्या मिळाल्या हे ओळखायचं कसं, वर्गमूळापर्यंतच तपासा असं सांगतात ते का, आणि संख्या मोठी असली तर काही सोपा रस्ता आहे का. बरीच वर्षं गणित शिकवतोय म्हणून सांगतो, यातला मधला प्रश्न सुटला की पहिला आपोआप सुटतो, त्यामुळे तिथूनच जाऊ.

आधी ही जोडी सुटली का ते बघा, कारण त्यात गंमत आहे. मुलं जोड्या शोधत नाहीत, आठवतात. संख्या दिसली की ती कुठल्या पाढ्यात येते ते डोक्यात फिरवतात. २४, ३६, ४८ ला ते चालून जातं कारण त्या पाढ्यांमध्ये जागोजागी येतात. १८२ चं काय होतं, २६ चा पाढा पाठ असेल तर सव्वीस साते १८२ आठवतं, पण १३ चा पाढा १३० ला संपतो आणि १४ चा १४० ला, म्हणजे १३ × १४ हा गुणाकार पाठांतरात कुठे भेटतच नाही. आठवणीवर विसंबलं की अशा मधल्या जोड्याच हमखास सुटतात, टोकाच्या कधी सुटत नाहीत. म्हणून आठवायचं नाही, क्रमाने चालत जायचं, आणि एकही पायरी गाळायची नाही.

क्रमाने म्हणजे असं. १ पासून सुरू करायचं, प्रत्येक संख्येने भाग जातो का बघायचं, गेला तर ती डावीकडे लिहायची आणि भागाकार तिच्यासमोर उजवीकडे. दोन रकाने करा, एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन लिहू नका, ते नंतर तपासायला वैताग येतो. १ ने जातो, समोर १८२. २ ने जातो, समोर ९१. ३ ने? अंकांची बेरीज १ + ८ + २ = ११, नाही. ४ ने? शेवटचे दोन अंक ८२, नाही. ५ ने नाही. ६ ने बघायचीच गरज नाही कारण ३ ने गेला नाही. ७ ने जातो, समोर २६. ८ नाही कारण ४ नव्हता, ९ नाही कारण ३ नव्हता, १० नाही कारण ५ नव्हता. ११ ने बघितलं तर (अंक आळीपाळीने मिळवायचे आणि वजा करायचे, उत्तराला ११ ने भाग जायला हवा) १ − ८ + २ = −५, नाही. १२ नाही, तेच कारण. १३ ने जातो, समोर १४. आणि आता पुढची पायरी १४ ची, पण १४ तर उजव्या रकान्यात आधीच येऊन बसलाय, म्हणजे संपलं.

यात दोन ठिकाणी माणूस ढेपाळतो. २ नंतर सलग ३, ४, ५, ६ नाही, मग ७ मिळाला, आणि त्यानंतर ८ ते १२ सलग पाच वेळा नाही. पाच वेळा नकार आला की वाटतं झालं असेल आता, नि पेन खाली ठेवलं जातं. पण सलग किती वेळा नाही आलं यावरून काहीच ठरत नाही. थांबायचं कधी हे ठरवणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे डावा आणि उजवा रकाना एकमेकांना भेटले की नाही.

आता वर्गमूळाचं. डावीकडचा आकडा वाढत जातो, उजवीकडचा कमी होत जातो. १८२, ९१, २६, १४ असा उजवा उतरतोय आणि १, २, ७, १३ असा डावा चढतोय. कुठेतरी ते एकमेकांना ओलांडणार, आणि जिथे ओलांडणार ती जागा म्हणजे वर्गमूळ, कारण तिथे दोन्ही आकडे सारखे होतात. १८२ चं वर्गमूळ साडेतेराच्या किंचित खाली आहे. समजा एखाद्या जोडीतले दोन्ही आकडे साडेतेराहून मोठे आहेत, म्हणजे दोन्ही किमान १४, मग त्यांचा गुणाकार किमान १४ × १४ = १९६, तो १८२ च्या पुढे गेला. म्हणजे अशी जोडी असूच शकत नाही. प्रत्येक जोडीत एक तरी आकडा १३ किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. आणि १ ते १३ मधला प्रत्येक आकडा आपण तपासलाय. त्यामुळे राहिलं काहीच नाही. ही खात्री आहे, अंदाज नाही, आणि मुलाला नेमकं हेच समजावून सांगा, "वर्गमूळापर्यंत तपास" असा नुसता हुकूम देऊ नका. हुकूम आठवड्यात विसरला जातो.

वर्गमूळ काढायला येत नसेल तरी अडत नाही. वर्ग पाठ असतात की, १३ चा वर्ग १६९, १४ चा १९६, आपली संख्या मध्ये आहे, म्हणजे १३ ला थांबायचं. ते पण नको असेल तर भागाकाराकडे नजर ठेवा, भागाकार भाजकापेक्षा लहान झाला की थांबा. लहान मुलांना मी हेच सांगतो, वर्गमूळ हा शब्द न उच्चारता.

काही जण निम्म्यापर्यंत तपासायला सांगतात, म्हणजे १८२ साठी ९१ पर्यंत. चुकीचं नाहीये ते, संख्येच्या निम्म्याहून मोठा आणि खुद्द संख्येहून लहान असा अवयव नसतोच, हे खरं. पण नुसती मेहनत आहे. १००० साठी निम्म्यापर्यंत म्हणजे ५००, वर्गमूळापर्यंत म्हणजे ३१. १० लाखासाठी ५ लाख विरुद्ध १०००. संख्या वाढेल तसा हा फरक अंगावर येतो.

पूर्ण वर्ग असेल तर शेवटी एक एकटी जोडी मिळते. १४४ घ्या: १ × १४४, २ × ७२, ३ × ४८, ४ × ३६, ६ × २४, ८ × १८, ९ × १६, १२ × १२. जोड्या ८, पण वेगवेगळे अवयव मोजले तर १६ नाही, १५, कारण १२ दोनदा मोजायचा नाही. यावरूनच ते प्रसिद्ध विधान येतं की ज्या संख्येच्या अवयवांची संख्या विषम आहे ती पूर्ण वर्गच असते. बाकी सगळ्यांचे अवयव जोडीजोडीने येतात म्हणून सम. परीक्षेत हा प्रश्न फिरवून फिरवून विचारतात, आणि कोड लिहिणाऱ्यांचीही इथेच गडबड होते, लूप चालवताना डावा आणि उजवा दोन्ही लिस्टमध्ये टाकतात आणि पूर्ण वर्गाला मधला आकडा दोनदा जातो. (कोड लिहीत असाल तर वर्गमूळ काढून तुलना करण्यापेक्षा भाजक गुणिले भाजक संख्येपेक्षा मोठा झाला का ते बघा, दशांश राउंड होण्याची भानगडच नको.)

आता तपासणी जलद कशी करायची. १८२ मध्ये आपण १३ पर्यंत गेलो पण खऱ्या तपासण्या किती केल्या? २, ३, ४, ५, ७, ११, १३. बस. बाकीचे आपोआप गळले कारण ज्या संख्येने भाग जात नाही तिच्या पटीनेही जात नाही. म्हणून विषम संख्या असेल तर सगळ्या सम संख्या एका फटक्यात बाद, ३ ने जात नसेल तर ६, ९, १२, १५ बाद. हे नीट वापरलं तर तीन अंकी संख्येला कधीच फार वेळ लागत नाही, कारण १००० च्या आतल्या कुठल्याही संख्येसाठी ३१ च्या पुढे जायचंच नसतं आणि ३१ पर्यंत मूळ संख्या आहेत फक्त अकरा.

पण उलट दिशेने मात्र सांभाळून. ४ ने जातो आणि ६ ने जातो म्हणून २४ ने जाणार असं नाही. ८४ ला ४ ने भाग जातो, ६ ने पण जातो, २४ ने केला तर साडेतीन. कारण ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे, तो दोनदा मोजला जातो. दोन भाजक सहमूळ असतील, म्हणजे त्यांच्यात १ सोडून काही सामाईक नसेल, तरच त्यांच्या गुणाकारानेही भाग जातो. ३ आणि ४ वरून १२ चालेल, २ आणि ९ वरून १८ चालेल, ६ आणि ९ वरून ५४ नाही चालणार. ही चूक दहावीच्या मुलांतही सर्रास दिसते, कारण २ आणि ३ वरून ६ हे शिकवलं जातं आणि ते का चालतं हे राहून जातं.

७ ची कसोटी मुलांना माहीत नसते. शेवटचा अंक दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करायचा. १८२ मध्ये शेवटचा २, दुप्पट ४, १८ − ४ = १४, भाग जातो. का चालतं तर असं करताना आपण मुळात २१ ची पट वजा करतोय, आणि २१ ला ७ ने भाग जातो. त्याच धर्तीवर १३ ला शेवटचा अंक चौपट करून मिळवायचा (३९ मुळे), १७ ला पाचपट करून वजा करायचा (५१ मुळे), १९ ला दुप्पट करून मिळवायचा (१९ मुळेच). छान आहेत, पण खरं सांगू का, १३ च्या पुढच्या कसोट्या मी स्वतः वापरत नाही. त्यापेक्षा ओळखीचा गुणाकार वजा करणं जास्त पटकन होतं. ३९१ ला १७ ने जातो का? १७ × २० = ३४०, उरले ५१, ते १७ × ३, म्हणजे १७ × २३. ४३७ ला १९ ने? ३८० काढले, उरले ५७, १९ × ३, म्हणजे १९ × २३. इथे कसोटी पण झाली आणि जोडीदारही हातात आला, नुसत्या कसोटीने जोडीदार मिळत नाही, परत भागाकार करावाच लागतो.

काही संख्या फसव्या असतात, मूळ वाटतात पण नसतात. ५१ (३ × १७), ५७ (३ × १९), ८७ (३ × २९), ९१ (७ × १३), ११९ (७ × १७), १३३ (७ × १९), १४३ (११ × १३), २२१ (१३ × १७). या एकदा नजरेखालून घालून ठेवा. ५७ ला तर गणितवाले गमतीने ग्रोथेंडिक प्राईम म्हणतात, विसाव्या शतकातल्या एका थोर गणितज्ञाच्या नावावरून, त्याने मूळ संख्येचं उदाहरण म्हणून ५७ सांगितली असा किस्सा आहे. मुलाने ५७ मूळ म्हणून लिहिली तर फार रागवू नका.

मधल्या आकाराच्या संख्यांसाठी निम्मं-दुप्पट ही पण एक युक्ती आहे. डावा दुप्पट, उजवा निम्मा, गुणाकार तोच राहतो. ८४ घ्या. १ × ८४, २ × ४२, ४ × २१, इथे २१ विषम आला, थांबलो. मग ३ × २८ पासून परत, ६ × १४, १२ × ७. झाल्या सहा जोड्या. भराभर होतं, पण एकट्या या युक्तीवर जोड्या पूर्ण झाल्या असं म्हणता येत नाही, सुरुवातीच्या विषम जोड्या तुम्हालाच शोधाव्या लागतात. म्हणून मी ही घाईत वापरतो आणि शेवटी मोजून पडताळा घेतो.

पडताळा कसा घ्यायचा, हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचा दुसरा भाग. जोड्या किती असायला हव्यात हे आधीच काढता येतं. ३६० घेऊ, मला ही संख्या फार आवडते. मूळ अवयव पाडले तर २ × २ × २ × ३ × ३ × ५. दोन तीनदा, तीन दोनदा, पाच एकदा. आता ३६० चा कुठलाही अवयव बनवायचा तर त्यात दोन किती घ्यायचे, ०, १, २ किंवा ३, म्हणजे चार पर्याय. तीन किती घ्यायचे, ०, १ किंवा २, तीन पर्याय. पाच घ्यायचा की नाही, दोन पर्याय. ४ × ३ × २ = २४ अवयव, म्हणजे १२ जोड्या. प्रत्येक घातांकात १ मिळवा, सगळ्यांचा गुणाकार करा, निम्मं करा. पूर्ण वर्ग असेल तर गुणाकार विषम येतो, त्यात १ मिळवून निम्मं करा, १४४ ला (४+१) × (२+१) = १५, म्हणून ८ जोड्या, वर मोजल्या तेवढ्याच. १८२ = २ × ७ × १३, तिन्ही एकेकदा, २ × २ × २ = ८ अवयव, ४ जोड्या. मुलाच्या वहीत ३ होत्या, म्हणजे एक राहिलीय हे कुठली ते न शोधताही कळलं असतं.

मूळ अवयवांचा उपयोग फक्त मोजायला नाही, त्यातून जोड्याच थेट लिहिता येतात आणि मला वाटतं ही पद्धत शाळेत जरा दुर्लक्षित आहे. ३६० साठी पहिल्या ओळीत २ चे घात लिहा. खालच्या ओळीत तेच ३ ने गुणून, त्याखाली ९ ने गुणून. मग या तिन्ही ओळी ५ ने गुणून परत खाली.

१, २, ४, ८
३, ६, १२, २४
९, १८, ३६, ७२
५, १०, २०, ४०
१५, ३०, ६०, १२०
४५, ९०, १८०, ३६०

हे सगळे २४ अवयव झाले. आता पहिला आकडा शेवटच्याशी जोडा, दुसरा शेवटून दुसऱ्याशी, तिसरा शेवटून तिसऱ्याशी. १ × ३६०, २ × १८०, ४ × ९०, ८ × ४५, मग ३ × १२०, ६ × ६०, १२ × ३०, २४ × १५, मग ९ × ४०, १८ × २०, ३६ × १०, ७२ × ५. एकही भागाकार केला नाही आणि बाराच्या बारा जोड्या हजर. असं का होतं तर वरच्या जागी दोन, तीन, पाच जितके घेतलेत, खालून तितक्याच क्रमाच्या जागी नेमके उरलेले घेतलेले असतात, त्यामुळे गुणाकार प्रत्येक वेळी पूर्ण ३६० च होतो. फॅक्टर ट्री काढून तिथेच सोडून देण्यापेक्षा या तक्त्यापर्यंत पोचवा मुलाला, तेव्हा मूळ अवयव कशासाठी पाडायचे ते कळतं.

क्रमाने तपासायचं ठरवलं असतं तर ३६० ला १८ वर थांबायला लागलं असतं, कारण १९ चा वर्ग ३६१, म्हणजे फक्त एकाने हुकतो. आणि शेवटची जोडी १८ × २० बघा, १९ च्या दोन्ही बाजूंना एकेक. हा योगायोग नाही, १९ × १९ − १ × १ = (१९ − १)(१९ + १). इथूनच मोठ्या संख्यांसाठीचा सोपा रस्ता निघतो, तुमचा तिसरा प्रश्न.

संख्या विषम असेल, लहान मूळ संख्यांनी भाग जात नसेल, आणि वाटत असेल की दोन अवयव एकमेकांच्या जवळपास असावेत, तर खालून चढत जाण्यापेक्षा वर्गमूळापासून सुरू करा. ६६७ घ्या. वर्गमूळ २५ च्या पुढे, म्हणून २६ चा वर्ग ६७६, त्यातून ६६७ वजा, उरले ९, तो ३ चा वर्ग. म्हणजे ६६७ = (२६ − ३)(२६ + ३) = २३ × २९. संपलं. खालून गेलो असतो तर ३, ५, ७, ११, १३, १७, १९ सगळ्यांनी नकार ऐकून मग २३ ला पोचलो असतो. पहिल्या वेळी पूर्ण वर्ग उरला नाही तर २७ चा वर्ग घ्यायचा, मग २८ चा, असं पुढे. २४९१ साठी ५० चा वर्ग २५००, उरले ९, म्हणून ४७ × ५३. ही सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत. त्याने १६४३ मध्ये एका पत्रात हिचं उदाहरण म्हणून २०२७६५१२८१ ही संख्या घेतली होती. वर्गमूळ ४५०२९ च्या थोडं पुढे, म्हणून ४५०३० पासून सुरू, आणि बाराव्या प्रयत्नात ४५०४१ ला वजाबाकी पूर्ण वर्ग येते, १०२० चा. उत्तर ४४०२१ × ४६०६१. कॅल्क्युलेटरवर करून बघा, मजा येते. हेच १, २, ३ असं खालून करत बसलो असतो तर चव्वेचाळीस हजाराच्या पुढे जावं लागलं असतं.

पण भुलू नका, अवयव एकमेकांपासून लांब असतील तर हीच पद्धत भयंकर संथ होते. ३ × मोठी मूळ संख्या अशी काही असेल तर खालून पहिल्याच पायरीला सापडेल आणि फर्माच्या वाटेने तुम्ही दमून जाल. म्हणून आधी २, ३, ५, ७, ११, १३ हाताने तपासायचे, मगच वर्गमूळाकडून यायचं.

आणि एका मर्यादेपलीकडे हातानेच काय, कुठल्याच ओळखीच्या पद्धतीने जमत नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या मूळ नाही हे ल्यूकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव कोणते ते त्यालाही माहीत नव्हतं. ते १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी दाखवले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. सांगतात की अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत ते एक शब्दही न बोलता फळ्यावर गेले, एका बाजूला घात काढला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, दोन्ही सारखे आले आणि ते जागेवर जाऊन बसले. गुणाकार करून दाखवायला थोडा वेळ, जोडी शोधायला वर्षं, हा जो फरक आहे ना, त्याच्यावर तर ऑनलाइन सुरक्षेतली आरएसए ही माहिती गुप्त ठेवायची पद्धत उभी आहे. १९७७ मध्ये ही पद्धत शोधणाऱ्यांनी आव्हान म्हणून एक १२९ अंकी संख्या जाहीर केली, तिची जोडी १९९४ मध्ये सापडली, इंटरनेटवरून शेकडो लोकांनी आपापले कॉम्प्युटर कामाला लावून.

परत शाळेकडे येतो. या जोड्या पुढे सगळ्यात जास्त कामाला येतात त्या वर्गसमीकरणात, म्हणून आत्ताच एक सवय लावा, जोडीसमोर तिची बेरीजही लिहायची. १२० बघा. १ × १२० बेरीज १२१, २ × ६० ची ६२, ३ × ४० ची ४३, ४ × ३० ची ३४, ५ × २४ ची २९, ६ × २० ची २६, ८ × १५ ची २३, १० × १२ ची २२. बेरीज सतत उतरत जाते. आता ६क्ष² + २३क्ष + २० चे अवयव पाडायचे, ६ × २० = १२०, बेरीज हवी २३, तर सरळ ८ आणि १५. मधलं पद फोडलं की (३क्ष + ४)(२क्ष + ५). आणि बेरीज २४ किंवा २५ मागितली असती तर? यादीत २६ नंतर एकदम २३ आहे, मधे काही नाही, म्हणजे पूर्णांकात अवयव पडणारच नाहीत हे तिथल्या तिथे ठरलं. मुलं अशा वेळी अर्धा तास जोड्या हुडकत बसतात कारण आपली यादी पुरी आहे याचीच त्यांना खात्री नसते. शेवटचं पद ऋण असेल तर बेरजेऐवजी फरक बघायचा. क्ष² + ५क्ष − ८४ ला फरक ५ हवा, १२ आणि ७, म्हणून (क्ष + १२)(क्ष − ७).

बारीकसारीक राहिलेलं. ३ × २८ आणि २८ × ३ ही एकच जोडी धरायची, प्रश्नात "क्रमित जोड्या" म्हटलं असेल तरच वेगळ्या. पूर्ण संख्यांचं चाललंय तोवर ऋण जोड्या लिहायच्या नाहीत, पूर्णांक म्हटलं असेल तर (−१३) × (−१४) सुद्धा येते, मग जोड्या दुप्पट. १ ला एकच जोडी, १ × १. ० ला जोड्या मोजण्यात अर्थ नाही, कुठल्याही संख्येला ० ने गुणलं की ० च.

मुलाला जास्त जोड्यांच्या संख्यांचा सराव हवा असेल तर १०० च्या आत ६०, ७२, ८४, ९० आणि ९६, या पाचांना प्रत्येकी १२ अवयव आहेत, त्याहून जास्त तिथे कुणाला नाहीत. १००० च्या आत ८४० चा नंबर पहिला, ३२ अवयव, १६ जोड्या. आपल्याआधीच्या सगळ्या संख्यांपेक्षा जास्त अवयव असलेल्या अशा संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये एक मोठा निबंध लिहिला होता, ६०, ३६० आणि ८४० तिन्ही त्यातल्याच प्रकारच्या (८४ मात्र नाही, कारण ६० ने तेवढे अवयव आधीच गाठलेत). आणि कमी जोड्या पण शोधायला जड असं काही हवं असेल तर त्यांच्याच नावाशी जोडलेली १७२९ द्या. वर्गमूळ ४१ च्या पुढे, म्हणजे ४१ पर्यंत चालायचं, ७ ने जातो, १३ ने जातो, १९ ने जातो, बाकी सगळीकडे नकार. १ × १७२९, ७ × २४७, १३ × १३३, १९ × ९१, चारच जोड्या. १९ नंतर ४१ पर्यंत काहीच मिळत नाही, पण तरी तिथवर जाऊ दे त्याला, किंवा ७ × १३ × १९ वरून आठ अवयव मोजून स्वतःच थांबू दे.